अठरा प्लसचा टिक: फोंड्यात बसून एकटीने व्हिज्युअल नॉव्हेल काढली त्याची गोष्ट

जानेवारीत माझी पहिली विकायची गेम स्टीमवर, म्हणजे कॉम्प्युटरच्या गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानात, आली. नाव इथे टाकत नाही, एक तर ही जाहिरात नाही आणि दुसरं म्हणजे ऑफिसात अजून सगळ्यांना माहीत नाही. सुरुवात केली तेव्हा मी मराठीत हेच शोधत होते, म्हणजे कुणीतरी नोकरी सांभाळून घरी बसून मोठ्यांसाठीची गेम काढली आणि मग बँकेत, वकिलाकडे, फॉर्म भरताना काय काय झालं ते लिहिलंय असं. काहीच मिळालं नाही. म्हणून हे लिहितेय. लांबलंय, चहा घेऊन बसा.

व्हिज्युअल नॉव्हेल म्हणजे मागे एक चित्र, पुढे एकदोन पात्रं, खाली चौकटीत संवाद, आणि मधेमधे तुम्हाला विचारतात की आता काय करायचं, त्यावर गोष्ट वळते. मारामारी नाही, पॉइंट नाहीत. मी गावच्या उत्सवातल्या नाटकांना बरीच वर्षं प्रॉम्प्टिंग केलंय, विंगेत टॉर्च धरून बसायचं, कोण कधी येणार, लाईट कधी मंद, कुठे कोण वाक्य खाणार हे सगळं वहीत मांडलेलं. अशा गेम बनवायच्या रेनपाय या सॉफ्टवेअरची फाईल पहिल्यांदा उघडली तेव्हा मला ती प्रॉम्प्टरची वहीच वाटली. सीन अमुक, पात्र दाखव, संवाद, पात्र लपव, पुढच्या लेबलवर उडी. कोडिंगची भीती तिथेच अर्धी गेली.

रेनपाय हे फुकट सॉफ्टवेअर आहे, २००४ पासून चालू आहे, पायथनवर बनलंय आणि नावातलं ‘रेन’ जपानी ‘रेनाई’ म्हणजे प्रेम या शब्दातून आलंय. विकायची गेम केली तरी त्यांना एक पैसा द्यावा लागत नाही. जून २०२४ मध्ये डाउनलोड केलं, पाऊस नुकताच सुरू झाला होता, मी कुंडईच्या एका कंपनीत अकाउंट्सला आहे, संध्याकाळी सहा-साडेसहाला घरी, जेवण, मग नऊ ते अकरा हे काम. लाईट गेली की वहीत लिहायचं. लाँचरसोबत एक ट्युटोरियल आणि एक छोटी नमुना गेम येते, ती उघडून तिचेच संवाद बदलत बदलत मी शिकले, व्हिडिओ बघून नाही. दोन गोष्टी तेवढ्या आधी कुणी सांगायला हव्या होत्या. ओळ आत घेताना टॅब चालत नाही, स्पेसच लागते. आणि संवादात चौकोनी कंस टाकला की रेनपायला वाटतं आत एखादं व्हेरिएबल आहे आणि गेम एरर देऊन थांबते. या दुसऱ्यात माझे दोन रविवार गेले.

गोष्ट ठरलेली होती. घटस्फोट घेऊन माहेरच्या जुन्या घरात पावसाळाभर राहायला आलेली अडतीस वर्षांची बाई, आणि माडीवर भाड्याने राहणारा बेचाळीसचा एक माणूस. पहिल्या प्लॅनमध्ये पाच पुरुष होते, पाच रूट म्हणजे प्रत्येकाची गोष्टीतली वेगळी वाट, अकरा शेवट. गणपतीपर्यंत, म्हणजे सप्टेंबरपर्यंत, पहिला रूटसुद्धा निम्मा झाला नव्हता. चतुर्थीला घर माणसांनी भरलं, लॅपटॉप कपाटात गेला, आणि दहा-बारा दिवसांनी काढून वाचलं तर पाचातले चार पुरुष एकाच माणसाचे वेगवेगळे शर्ट वाटले. चौघांना काढून टाकलं. एक माणूस, तीन शेवट, बावीस हजार शब्द. त्या रात्री फार बरं वाटलं, खरंच.

ऑक्टोबरमध्ये मराठी टाकायला घेतलं. मला इंग्रजी आणि मराठी दोन्ही हवं होतं. तर स्क्रीनवर नुसते चौकोन. रेनपायचा डिफॉल्ट फॉन्ट डेजाव्हू सॅन्स आहे, त्यात देवनागरीच नाही. फॉन्ट बदलला तर पहिली वेलांटी अक्षराच्या पुढे जाऊन बसली आणि जोडाक्षरं फुटली, कारण मी कुठल्यातरी जुन्या धड्याच्या नादाने जुनं व्हर्जन घेतलेलं. नव्या रेनपायमध्ये हार्फबझ आहे, ते अक्षरं नीट जुळवतं, त्यामुळे नवीन व्हर्जन घेतल्यावर तो प्रश्नच संपला. फॉन्ट मी ‘मुक्ता’ वापरला, ‘एक टाइप’ नावाच्या मुंबईच्या फॉन्ट बनवणाऱ्यांचा आहे, लायसन्स खुलं आहे, गेमसोबत द्यायला चालतो. मग जीयूआयच्या, म्हणजे स्क्रीनवरच्या मांडणीच्या, फाईलमध्ये फॉन्टची ओळ बदलायची, आणि अक्षराचा साईज थोडा वाढवून ओळींमधलं अंतरही वाढवायचं, नाहीतर वरच्या ओळीचा उकार आणि खालच्या ओळीचा रफार एकमेकांच्या अंगावर येतात.

चित्रं मला येत नाहीत. साडेचार हजारांचा छोटा ड्रॉइंग टॅबलेट घेऊन बघितला आणि दोन महिन्यांनी मान्य केलं की हात बसायला पाच वर्षं लागतील. मागची चित्रं मात्र स्वतः केली, आमच्याच घराचे फोटो काढून क्रिता या चित्रं रंगवायच्या सॉफ्टवेअरमध्ये त्यावर रंग फिरवले, पडवी, स्वयंपाकघर, न्हाणी, माडीचा जिना. शेजाऱ्यांच्या घराचा एक छान कोन होता, पण त्यांना विचारायचं म्हणजे कशासाठी ते सांगायचं, सोडून दिलं. देवळाचाही फोटो घेतला नाही, गोष्टीत उत्सव आहे तरी फक्त लांबून ढोल-ताशाचा आवाज ठेवला. यात कायदा वगैरे काही नाही, मलाच नको वाटलं. दोन पात्रं बेळगावच्या एका मुलीकडून काढून घेतली, प्रत्येकी सहा चेहरे, दोन कपडे, मिळून बारा हजार. पैसे देण्याआधी ईमेलवर लिहून घ्या की चित्रं विकायच्या गेममध्ये वापरणार, आणि गेम अठरा प्लस आहे हेही त्याच ईमेलमध्ये सांगा. तिने आधी विचारलं होतं की कितपत, मी सीन वाचायला पाठवला, मग हो म्हणाली.

मार्च २०२५ मध्ये नॅनोरेनो नावाचा जॅम असतो, दर मार्चला असतो, महिनाभरात एक व्हिज्युअल नॉव्हेल करायची. मोठी गेम बाजूला ठेवून मी त्यात वीस मिनिटांची एक साधी गोष्ट केली आणि इचवर, म्हणजे छोट्या गेम टाकायच्या साईटवर, फुकट टाकली. एकसष्ट डाउनलोड. पण शेवटपर्यंत पोचणं म्हणजे काय ते तिथे कळलं, सेव्ह, मेन्यू, क्रेडिट, झिप करणं, कुणाच्यातरी विंडोजने ही अनोळखी फाईल आहे म्हणून पाटी दाखवणं. माझं तर म्हणणं आहे की मोठी गेम सुरू करण्याआधीच हे करा, मी उलटं केलं.

आता अठरा प्लसचं. मला सुरुवातीला वाटत होतं की हा प्रश्न फक्त एका सीनचा आहे, तो सीन किती उघडा लिहायचा एवढंच. तसं नाही. तो टिक तुम्ही जिथे लावता तिथून पुढे दुकान कुठलं, पोस्टर कसं, पैसे कोण पोचवणार, वकील काय म्हणणार, आईला काय सांगणार, सगळं त्यावर ठरतं. मी तो निर्णय वर्षभर टाळला आणि त्यामुळे दोन सीन तीनतीनदा लिहावे लागले.

मे महिन्यात रजा टाकून कदंबाने, म्हणजे आमच्या गोव्याच्या सरकारी बसने, पणजीला गेले, ओळखीतून एक वकील मिळाले होते. पंधराशे रुपये, पाऊण तास. त्यांना व्हिज्युअल नॉव्हेल समजावण्यात पंधरा मिनिटं गेली, नाटकाचं उदाहरण दिलं तेव्हा कळलं. मग त्यांनी आयटी ॲक्ट काढला. कलम ६७ अश्लील मजकूर इलेक्ट्रॉनिक स्वरूपात प्रसिद्ध करण्याबद्दल, पहिल्या वेळी दोषी ठरलात तर तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड. ६७ अ उघड लैंगिक कृतीच्या मजकुराबद्दल, तिथे पाच वर्षं आणि दहा लाख. साहित्य, कला यांच्या हितासाठी असलेल्या गोष्टींना त्यात सूट आहे, पण वकील म्हणाले, ‘ती सूट तुम्हाला कोर्टात उभं राहून मागायची आहे, घरी बसून नाही.’ हे वाक्य घेऊन मी परतीच्या बसमध्ये बसले आणि म्हार्दोळ येईपर्यंत खिडकीबाहेरच बघत होते. ६७ ब लहान मुलांबद्दल आहे, तिथे कसलीच गंमत नाही. शाळेच्या युनिफॉर्ममधल्या पात्रांची जी एक पद्धत या प्रकारात आहे ती मला तशीही किळसवाणी वाटते. माझ्या गेममध्ये दोघांची वयं पहिल्याच दहा मिनिटांत संवादात येतात, मुद्दाम आणलीत.

तर ठरलं ते असं. हवंसं वाटणं, लाज, जुनं लग्न, शरीराबद्दल बोलणं हे सगळं ठेवायचं, खोलीचं दार लागलं की चित्र अंधारात न्यायचं आणि पावसाचा आवाज. आधी मला ही पळवाट वाटली. आता वाटत नाही, दार लागायच्या आधीचे संवाद मला जास्त नीट लिहावे लागले. ज्यांना याच्या पुढे जायचंय त्यांनी आधी स्वतःचा वकील गाठावा, माझं बघून काही ठरवू नये.

आणि मग जुलै आला. स्टीमने नियमांत एक ओळ वाढवली, की पेमेंट प्रोसेसर म्हणजे ऑनलाइन पैसे पोचवणाऱ्या कंपन्या, कार्ड नेटवर्क आणि बँका यांच्या नियमांत न बसणारा मजकूर चालणार नाही, खासकरून ठराविक प्रकारचा अडल्ट मजकूर. त्याच महिन्यात इचने अडल्ट गेमची पानं सर्चमधून काढली, नंतर फुकट असलेली हळूहळू परत आणली. मागे कलेक्टिव्ह शाउट या ऑस्ट्रेलियातल्या संघटनेने पेमेंट कंपन्यांवर आणलेला दबाव होता. माझ्या जॅमच्या गेमला अडल्टचा टॅग नव्हता, तिला काही झालं नाही, पण दोन रात्री मी नुसत्या बातम्या वाचत बसले. जिची सगळी कमाई एका दुकानावर आहे तिचं काय होत असेल. दुकानवाला हो म्हणतोय म्हणून भागत नाही, त्याचे पैसे फिरवणाराही हो म्हणायला हवा, हे तोवर माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

ऑगस्टमध्ये कागदपत्रं. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंद, केली, आधार आणि पॅन लागतं, फी शून्य. सरकारी साईटसारख्या दिसणाऱ्या पण पैसे मागणाऱ्या साईट्स सर्चमध्ये वर येतात, पत्ता नीट बघा. जीएसटीबद्दल आमच्या सीएंनी सांगितलं की सेवांची उलाढाल वीस लाखांच्या आत आहे तोवर माझ्या बाबतीत गरज नाही, तुमचं तुमच्या सीएंना विचारा. याच महिन्यात संसदेत ऑनलाइन गेमिंगचा कायदा झाला आणि बाबांनी पेपर माझ्यापुढे आपटला, ‘हे बघ, तुझं बंद केलं.’ तो कायदा पैसे लावून खेळायच्या गेमवर आहे, माझ्या गेममध्ये पैसे लावायचे म्हटले तरी लावणार कशावर, ती बाई पेज गरम करते की नाही यावर?

पण गोव्यात गेमिंग शब्दाचा हा त्रास आहेच. बँकेत परदेशातून पैसे येणार म्हणून स्विफ्ट कोड विचारायला गेले, काउंटरवरच्या ताईंनी विचारलं काम काय, मी म्हटलं गेमिंग, तर त्यांनी चष्म्यावरून बघितलं आणि हळू आवाजात म्हणाल्या, ‘कुठल्या बोटीवर?’ मांडवीतल्या कसिनोंशिवाय आपल्याकडे गेमिंग म्हणजे दुसरं काही नसतंच. त्यानंतर मी सगळीकडे ‘कथा-सॉफ्टवेअर’ सांगायला लागले. आमच्या शाखेला स्वतःचा स्विफ्ट कोड नव्हता, मुख्य शाखेचा दिला. आणि तिथेच कळलं की पासबुकवर माझ्या आडनावात एक अक्षर पॅनपेक्षा वेगळं आहे. स्टीमवर दिलेलं कायदेशीर नाव, टॅक्सच्या कागदावरचं आणि बँकेतलं, तिन्ही सारखं लागतं. अर्ज, आधारची झेरॉक्स, सही जुळत नाही म्हणून परत सही, बारा दिवस. हे आधी तपासा, बाकी काही केलं नाहीत तरी चालेल.

८ सप्टेंबरला स्टीमची फी भरली. शंभर डॉलर, प्रत्येक गेमला वेगळी, कार्डाचे चार्जेस धरून नऊ हजारांच्या आसपास. गेमने हजार डॉलर कमावले की ती परत मिळते, माझी अजून लांब आहे. मग टॅक्स इंटरव्ह्यू, म्हणजे ऑनलाइन फॉर्मच आहे, डब्ल्यू-एट बेन. परदेशी टॅक्स नंबरच्या जागी पॅन टाकायचा. तो टाकला की भारत-अमेरिका कराराप्रमाणे अमेरिकेतल्या विक्रीवर पंधरा टक्के कापतात, नाही टाकला तर तीस. मी घाबरून तो फॉर्म तीन रात्री उघडून बंद केला, प्रत्यक्षात वीस मिनिटं लागली. कापलेला टॅक्स इथे रिटर्नमध्ये मागायचा तर वेगळा फॉर्म भरावा लागतो, ते काम सीएंकडे.

फी भरल्यापासून तीस दिवस गेम काढता येत नाही, आणि ‘कमिंग सून’चं पान निदान दोन आठवडे आधी लागतं. मला हे बंधन वाटलं होतं, पण पोस्टरं करण्यातच महिना गेला. पाच तरी स्क्रीनशॉट, वेगवेगळ्या मापांची पोस्टरं, आणि गेम आत कितीही मोठ्यांची असली तरी पोस्टर सगळ्या वयाच्या लोकांसमोर चालेल असंच. मग कंटेंट सर्व्हे, म्हणजे गेममध्ये काय काय आहे ते विचारणारा फॉर्म. इथे तो टिक प्रत्यक्ष समोर येतो. थोडी नग्नता किंवा लैंगिक मजकूर, वारंवार, की फक्त प्रौढांसाठीचा लैंगिक मजकूर, अशी वेगवेगळी खाती आहेत. मी पहिलं निवडलं, आणि खालच्या रिकाम्या चौकटीत साध्या वाक्यांत लिहिलं की काय आहे आणि काय नाही. एआय वापरलंय का तेही विचारतात, मी नाही वापरलं. इथे कमी सांगून वाचायचा मोह होतो, करू नका, तपासणारा माणूस गेम खरोखर उघडून बघतो.

पान पहिल्यांदा परत आलं, चूक माझीच, एक स्क्रीनशॉट म्हणून मी पोस्टरच टाकलं होतं. दुरुस्त करून २० ऑक्टोबरला मंजूर झालं. मग बिल्ड, म्हणजे खेळणाऱ्याला द्यायची तयार फाईल. रेनपाय एका बटणावर विंडोज, मॅक, लिनक्सचे झिप करून देतं, आणि गेम छोटी असेल तर ब्राउझरमधूनच अपलोड होते, कमांड वगैरे लागत नाहीत. त्याआधी लाँचरमधलं ‘लिंट’ चालवा, कुठलं चित्र गायब आहे, कुठलं लेबल सापडत नाही ते सांगतं. माझ्या तिसऱ्या शेवटाकडे जायची वाटच बंद होती हे मात्र लिंटला नाही, माझ्या मावसभावाला कळलं. त्याने चार वेळा खेळून विचारलं, ‘तिसरा कुठाय?’

१६ जानेवारी २०२६ ला रात्री अकराला बटण दाबलं. तोवर विशलिस्ट, म्हणजे नंतर घ्यायची म्हणून खूण करून ठेवणारे, २१२. किंमत बाहेर ४.९९ डॉलर, भारतात १९९ रुपये. पहिल्या रात्री सात कॉपी गेल्या, त्यातली एक बेळगावची. महिनाअखेर त्र्याऐंशी, त्यातल्या नऊ परत. दोन तासांच्या आत खेळलेली गेम चौदा दिवसांत परत करता येते, आणि व्हिज्युअल नॉव्हेल भरभर वाचणारा दोन तासांत संपवूही शकतो. पहिलं रिफंड आलं तेव्हा पोटात गोळा आला, पाचव्यानंतर सवय झाली. स्टीमचे तीस टक्के, टॅक्स, सगळं जाऊन महिन्याचे पैसे पुढच्या महिन्याच्या शेवटापर्यंत येतात, शंभर डॉलरच्या वर असतील तरच. माझे चौदा हजार आणि वर थोडे आले. माझा खर्च, टॅबलेट धरून, सत्तावीस-अठ्ठावीस हजार. नोकरी सोडायचा विचार कुणी करत असेल तर हा आकडा भिंतीवर लावा. बँकेने पैसे जमा करण्याआधी पर्पज कोड, म्हणजे परदेशी पैसे कुठल्या कामाचे त्याचा आकडा, आणि कशाचे पैसे ते विचारलं, मी स्टीमचा महिन्याचा रिपोर्ट प्रिंट करून दिला, त्याच ताई होत्या, या वेळी बोटीचं नाव काढलं नाही.

घरी काय सांगितलं हे सगळ्यांना विचारायचं असतं. बाबांना एवढंच माहीत आहे की नाटकासारखं काहीतरी आहे. आईला मी रिलीजनंतर आठवड्याने मराठी व्हर्जन लावून दिलं, सांगितलं की यात मोठ्यांचं आहे, आणि स्वतः बाजारात निघून गेले, मासे घ्यायचे नव्हते तरी. दोन तासांनी आले तर ती चष्मा काढून बसलेली. खोलीच्या सीनबद्दल एक शब्द नाही. म्हणाली, ‘अगो, सकाळी तिचं दूध नासलं म्हणून दाखवलंस, दिवसभर घराबाहेर पडली नाही, मग रात्री साडेअकराला त्याला दुधाचा चहा कुठून केला तिने?’

एवढ्या लोकांनी तपासली, कुणाला दिसलं नव्हतं. १.०.२ या अपडेटमध्ये चहा कोरा केलाय.